निम्मं यंत्र

ऑक्टोबरचा शेवट. कॅल्युमेटच्या वरच्या गल्लीत
मेपलची झाडं बोडकी.
लेम्पी शेडचं दार खांद्यानं ढकलते.
ताडपत्रीखाली बर्फ फेकायचं यंत्र, अठरा वर्षांचं,
निम्मं तिचं, निम्मं शेजारच्या रेइनोचं.

एप्रिलच्या शेवटच्या बर्फात
यंत्राची सोंड त्याच्या दाराकडे वळली होती.
चुकून, असं ती म्हणते.
तेव्हापासून दोघं बोलत नाहीत.

जुनं पेट्रोल काढायला ती नळी घेऊन बसते,
तर टाकी कोरडी. आधीच कुणी उपसलेली.
तेल बघते: मधासारखं, नवं.
पट्टाही बदललेला.
राहिलाय फक्त स्पार्क प्लग,
तो दरवर्षी तीच बदलते,
रेइनोची जाड बोटं तिथवर पोचत नाहीत.

हँडलला सुतळीनं बांधलेली पुडी:
सहा शिअर पिना.
बर्फाखाली दगड लागला की आधी त्या तुटायच्या,
गिअर वाचावा म्हणून.
चिठ्ठी वगैरे नाही.
रेइनोला लिहायचा कंटाळा,
बोलायचाही तसा कधी फार उत्साह नव्हता.

सोंड मात्र एप्रिलमध्ये होती तशीच,
त्याच्या दारावर रोखलेली.
तिला त्यानं हात लावलेला नाही.

लेम्पी प्लग घट्ट करते.
सोंडेचा दांडा गंजलाय, दोन्ही हातांनी फिरवावा लागतो.
रस्त्याकडे.

मग दोरी. एकदा. दोनदा. एक फिनिश शिवी.
तिसऱ्यांदा यंत्र खोकतं,
निळा धूर सोडतं, धरतं.

पलीकडच्या खिडकीत पडदा हलतो.
ती ते जरा जास्तच वेळ
चालू ठेवते.