शेरा

चार रकाने, बोरूनं आखलेले :
तारीख. गाव. ऐकणारे. विकलेली पुस्तकं.
पाचवा अरुंद, कडेला दाबलेला : शेरा.
अशा वह्या महिनाअखेरीस साताऱ्याला जायच्या, बंगल्यावर;
साहेब बेरीज करायचे आणि लाल रेघ मारायचे.
ही एक गेली नाही.
ती पणजीच्या पेटीत निघाली, इरकली लुगड्याच्या घडीत.

पहिल्या पानावर :
गुणाजी लाजर वायदंडे, उपदेशक, तालुका माण.
पगार सहा रुपये. छत्री मिशनची.

पळशी. ऐकणारे चार.
शेरा : पैकी दोघे झोपले होते.

वरकुटे. ऐकणारे बावीस.
मग मागून कुणीतरी विचारलं, कुणाचा रे तू?
ऐकणारे शून्य.

म्हसवड, बाजाराचा दिवस. विहिरीवर पाणी मागितलं.
हातभर उंचीवरून ओंजळीत ओतलं,
अर्धं बाहीत गेलं.
आज ‘जिवंत पाणी’ यावर बोलणार होतो.
विषय बदलला.

वाड्यातलेही आता त्याचे नव्हते.
सख्ख्या भावानं तो जिता असताना
त्याचं दहावं घातलं नदीच्या वाळूत.
शेरा : कावळा लगेच शिवला म्हणतात.
हुलग्याचं माडगं ठेवलं होतं. माझ्या आवडीचं.

साहेब म्हणाले, हलगी सोड, ती मरीआईची.
सोडली. खुंटीला लावली.
शेरा : रात्री बोटं उशीवर वाजतात.
राहेल म्हणते, झोपू द्या की.

मग एक पान पुरतं भरलेलं, रकाने ओलांडून.
माळावर सिदू कोळेकर भेटला, खांद्यावर घोंगडं.
त्याला हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली,
नव्व्याण्णव मागं ठेवून
एकासाठी रानोमाळ फिरलेल्या धन्याची.
सिदू ऐकत राहिला. मग म्हणाला,
“आन् त्या नव्व्याण्णवापाशी कोण हुतं, गुरजी?
लांडगं काय उपाशी बसत्यात?
तुमच्या देवानं मेंढरं राखल्याली दिसत न्हाईत.”
शेरा : साहेबांना विचारणे.
खाली, दुसऱ्या शाईत : साहेब म्हणाले, हा दृष्टान्त आहे.
त्याखाली : सिदूला तसं सांगितलं.
सिदू म्हणाला, लांडगं दृष्टान्त नसत्यात.

श्रावणातली दोन पानं कोरी आहेत.

मग अक्षर बारीक होतं.
मार्था गेली. अडीच वर्षं. ताप.
वाड्याच्या मसणवटीत पुरू देईनात : तुम्ही आमचे न्हवं.
गावाच्या हद्दीत तर आधीपासूनच नाही.
गाठोडं घेऊन दुपारपासून फिरलो, मी पुढं, राहेल मागं.
सिदूनं लांबून पाहिलं. काही विचारलं नाही.
वाघर गुंडाळली, जिथं मेंढरं बसायची तिथंच पहार मारली.
“माळ काय कुणाच्या बाचा हाय?”
मला प्रार्थनेचे शब्द आठवेनात.
शेरा : मेंढरांपाशी त्याची बायको उभी होती रात्रभर, काठी घेऊन.

पुढली नोंद म्हसवडची. ऐकणारे साठ.
शेरा : हलगी नेली होती.

ही वही बंगल्यावर का गेली नाही
ते मला इथं कळलं.

परवा मी त्या माळावर जाऊन आले.
पवनचक्क्या झाल्यात, वळणाऱ्या सावल्या जमिनीवरून सरकतात.
दगड पुष्कळ, नाव कशावरच नाही,
आणि नाव घालायला तेव्हा कुणाकडे पैसे होते?
कोळेकरांचा एक पोरगा मेंढरं घेऊन होता, हातात मोबाइल.
मी म्हटलं, इथं कुठं लहान मूल पुरलेलं...
त्याला माहीत नव्हतं.
पण म्हणाला, या खडकाच्या पल्याड
आमी वाघर लावत न्हाई.
का?
“लावत न्हाईत. आज्ज्यापासनं.”
आणि पलीकडं गेलेलं एक कोकरू
त्यानं शीळ घालून मागं बोलावलं.