पाठीवरची बेकरी

सोहारच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला
पाइपांच्या गोदामामागे आमचं मैदान.
गवत नाही.
शुक्रवारी पहाटे टँकरवाला मुख्तियार
एक फेरी मारून देतो, फुकट.
खारं पाणी. धूळ तासभर बसते,
मग आमच्यासारखीच उठून कामाला लागते.

रेषा मी आखतो.
चुना कुठला, जिप्समची फुटकी पोती,
स्टोअरच्या वहीत ‘खराब माल’ म्हणून दाखवलेली.
स्टोअरकीपर मी, क्लबचा खजिनदार मी,
आणि धोबीही.

जर्सी इटलीच्या.
फेदेले नावाचा वेल्डिंग इन्स्पेक्टर
सुट्टीवरून येताना पिशवी घेऊन आला.
त्याच्या गावच्या संघाने टाकलेल्या,
संघ अगदी तळाच्या लीगमधला.
गोलकीपर न्हावी, म्हणायचा,
आणि मैदान एवढं उतरतं
की दुसऱ्या हाफमध्ये बॉल आपला आपणच खेळतो.

पिवळ्या-निळ्या, विटलेल्या, चौदा.
आठ नंबर नव्हताच.
पाठीवर गावातल्या बेकरीचं नाव.
पारकर एक वाचायचा, साजिन दुसरंच,
सुदानचा ताजुद्दीन वाचायच्या फंदात पडला नाही,
म्हणाला, पाव.
तेच चिकटलं. पाव इलेव्हन, चौथा विभाग.
पाचवा विभाग नाही, म्हणून चौथा.

मी कोल्हापूरचा.
आमच्याकडे पेठ हरली
तर सख्खे भाऊ दोन दिवस बोलत नाहीत.
इथे बघायला पंक्चरवाला, त्याची शेळी,
आणि नाइट शिफ्ट करून झोप न लागलेला
कुणीतरी एक.

मार्चमध्ये सिमेंटवाल्यांशी मॅच होती.
दिलबहादूर, आमचा डावा विंगर,
त्याचं कंत्राट संपलेलं. रात्री विमान.
सगळे म्हणाले, पाय मुरगळला तर काय घेऊन जाशील घरी?
तो लेस बांधत राहिला.
चार-एक हरलो.
तो एक त्याचा नव्हता;
त्याचा शॉट खांबाला लागून
सरळ शेळीकडे गेला.

संध्याकाळी तो स्टोअरच्या खिडकीशी आला.
अकरा नंबर, धुतलेली, इस्त्री केलेली,
सेफ्टी बूट आणि हेल्मेटच्या वर ठेवलेली.
जमा करून घ्या, म्हणाला.
बूट घेतले. हेल्मेट घेतलं.
जर्सीपुढे लिहिलं: खराब माल.
त्याने माझ्याकडे पाहिलं,
मी शाई वाळायची वाट पाहत होतो.

फेदेलेचा फोन रमजानच्या आधी आला.
संघ बंद झाला, म्हणाला.
पोरं मिलानला, कुणी जर्मनीत,
गावात अकरा जण भरत नाहीत आता.
न्हावी आहे, पण एकटा गोलकीपर
कशाचा गोल राखणार?
थोडा वेळ दोघंही गप्प.
मग त्याने विचारलं, तुमचं काय?
म्हटलं, शुक्रवारी मॅच आहे.
माणसं सहा देशांची, कशीबशी अकरा होतात.
हसला बहुतेक, लाइन खराब होती.

रात्री जर्सी भिजत घातल्या.
बादलीत निळा रंग अजून सुटतोच आहे,
अक्षरं मात्र घट्ट.
एक विचारायचं राहिलं त्याला,
बेकरी चालू आहे का.