बांधलेलं विमान

इंजिन आलं शारजाच्या भंगारातून,
एका चेपलेल्या माझदाच्या पोटातलं,
पिकअपच्या हौद्यात, जुन्या रजईत गुंडाळून.
हुमैद म्हणाला, उस्ताद, उघड.

उघडलं.
पिस्टन नाही. व्हॉल्व्ह नाही.
इचलकरंजीपासून बेचाळीस वर्षं
ज्यांचं खालीवर ऐकून पोट भरलं
त्यातलं आत काहीच नाही.
नुसता एक त्रिकोण,
बाजू करंजीसारख्या फुगलेल्या,
आणि तो ज्या घरात फिरतो त्या घराला
भुईमुगाच्या शेंगेसारखी कंबर.
मी हात धुऊन आलो,
मग पुन्हा बघितलं.

उम्म अल कुवैनच्या धावपट्टीमागं पत्र्याची शेड.
रात्री नवानंतर हाताला पाना सोसतो,
त्याआधी नाही.
विमान हुमैदनं अकरा वर्षं बांधलं,
मजलिसमधले सोफे बाहेर काढून.
लाकूड, कापड, राळ.
बसायला जागा एकच.

त्रिकोणाच्या टोकांना तीन पट्ट्या,
करंगळीएवढ्या,
खाली केसासारखी वाकडी स्प्रिंग.
सगळा जीव तिथं.
त्या झिजल्या की इकडचा दाब तिकडं,
आणि मग वर, हवेत,
कुणाला हाक मारणार?
मी त्या एकेक करून ओठांवर फिरवून बघितल्या.
बोटांना आता बारीक कळत नाही.

पुढं गिअर. इंजिन फिरणार सहा हजार,
पंख्याला हवेत एकवीसशे.
कुठल्याशा अमेरिकन गाडीच्या गिअरबॉक्समधला सूर्य काढला,
त्याच्याभोवतीचे सहा ग्रह काढले,
आणि त्यांना घर मी लेथवर कातलं.
शाजीनं माउंटच्या नळ्या जोडल्या,
वेल्डिंग करताना तो श्वास धरतो,
म्हणून त्याचा सांधा चांगला.

शाफ्टचे तीन फेरे होतात
तेव्हा त्रिकोणाचा एक.
हुमैदनं विचारलं, घरी किती वर्षांनी जातोस?
मी बोटानं शाफ्ट फिरवून दाखवला.
तो हसला नाही. चहा ओतला.

मग वजन.
खजुराच्या वखारीतून तीन काटे आणले,
तीन चाकांखाली ठेवले.
हुमैदचे गुडघे दुखत होते,
म्हणाला, तू बस, मी मांडतो.
बसलो. बासष्ट किलो,
वर हुमैदच्या हिशेबाची एक सिमेंटची अर्धी पिशवी मांडीवर.
समोर काच, काचेत पत्र्याची भिंत,
भिंतीवर माझाच डबा लटकलेला.
काडी हातात घेतली, कुणी बघत नव्हतं.
नाक जड निघालं. बॅटरी शेपटीत नेली.
मी उतरलो.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा
शेपूट गुलबाजच्या पाण्याच्या टँकरला बांधलं होतं.
आवाज असा, की कापड फाटतंय
आणि फाटायचं संपतच नाही.
सायलेन्सर लाल झाला, मग पांढरा, मग फुटला.
पाणी उकळलं.
गुलबाज टँकरच्या टपावर उभा राहून नाचत होता.
विमान दोराला ओढत होतं
आणि मला तेव्हा कळलं,
बांधलेलं या शब्दाचे आपल्याकडं दोन अर्थ आहेत.

सायलेन्सर चार झाले. चौथा टिकला.
रेडिएटरची हवा अडत होती, पोट कापून वाट दिली.
तोवर माझी साठी भरली,
व्हिसाच्या कागदावर शिक्का नाही झाला.
हुमैदनं दोन ठिकाणी फोन केले,
मग तिसऱ्या ठिकाणी केला नाही.

आता इकडं मागांच्या खडखडाटात
भाच्याच्या दुकानात बसतो, स्पिंडल सरळ करतो.
काल गुलबाजचं आलं, नुसतं आवाजाचं, दोन मिनिटांचं.
वारा. कुणीतरी खोकतं.
मग ते कापड फाटणं, जवळ येतं, समोरून जातं,
आणि हळूहळू जमिनीचा खडखडाट त्यातून गळून पडतो.
गुलबाज माशाल्ला म्हणतो, पुन्हा म्हणतो.
आवाज बारीक, अजून बारीक.
रेकॉर्डिंग तिथंच संपतं.
उतरल्याचं त्यात नाही.

मी माग बंद करायला सांगितले.
पुन्हा लावलं. पुन्हा.
मग हुमैदला फोन केला.
सहा वेळा वाजला, उचलला,
तो काही बोलायच्या आत मी विचारलं,
पाणी किती तापलं होतं?