ओरखडा

बांबोळीहून डबा आला, बर्फात.
निळा डबा, झाकणाला कधीकाळच्या इसवणाचा वास.
कायतान म्हणाला, धुयला गो, दोन फावट.
आत एक कुपी: बी-चाळीस, वय एकतीस, डावी बाजू.
एवढंच. नाव आम्हांला कळत नाही,
नियमच आहे तसा.

वेर्ण्याच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर
तिच्या पेशी सदतीस अंशांत वाढतात,
चुकीच्या घरात राहायला येऊन
भाडं न देता भिंती रंगवून घेणाऱ्या
माणसांसारख्या, बिनघोर.

आज त्यांची तळाला चटई झाली
तेव्हा पिवळ्या टोकाने
प्रत्येक खळग्यात मी एक सरळ रेघ ओढली.
ओरखडा.
औषधाला अजून नाव नाही, आकडा आहे: दोनशे सात.
चोवीस तासांत ओरखडा भरून आला
तर दोनशे सात कचऱ्यात.

जखम भरू दे म्हणून लोक म्हाळसेला नवस बोलतात.
मी उलटा बोलते.
आई, एवढी उघडी राहू दे.

दुपारी माझाच दुसरा दिवस.
स्टूलवर गुडघे पोटाशी, डोळा भिंगाला.
घरी सगळ्या म्हणायच्या, सोस, लग्न झालं की थांबतं.
लग्न झालं.
मग म्हणाल्या, मूल झालं की.

डॉक्टरांनी अकराव्या वर्षी नाव सांगितलं
तेव्हा मला हसू आलं:
तीन वर्षं मी तोच शब्द
कुप्यांच्या लेबलांवर लिहीत होते,
ऱ्हस्व-दीर्घासकट, सुवाच्य.

रात्री नऊला फोटो काढले.
औषधाविना खळग्यांत दोन्ही काठ सरकत सरकत
एकमेकांना भेटायला आलेले.
दोनशे सातमध्ये रेघ तशीच,
ओहोटीला उघडी पडलेली मानशीची वाट.
मी डॉ. कुंकळ्येकरांना उठवलं नाही.
नीट बघितलं. परत बघितलं.

पहाटे वीज गेली, चाळीस मिनिटं.
जनरेटर खोकला आणि बसला.
सकाळी सगळ्याच पेशी सुटून तरंगत होत्या,
औषधाच्या, औषधाविनाच्याही.
डॉक्टर म्हणाल्या, हे धरता येणार नाही, परत करू.
वहीत मी तेवढंच लिहिलं. रात्रीच्या फोटोपुढे
पेन्सिलीने एक बारीक टिंब.

बी-चाळीस आज घरी गेली असेल,
टाके सांभाळत, डाव्या बाजूला हात ठेवून,
रिक्षावाल्याला म्हणत असेल, सवकास.
तिला माहीत नाही
तिच्या एका कणासाठी वेर्ण्यात कोणी रात्र जागलं.
मलाही तिचं काही माहीत नाही.
फक्त कुठे दुखतं ते.