कारणाचा रकाना

बावीस वर्षं या कार्यशाळेची किल्ली माझ्या कमरेला.
वाल्दिवियात पाऊस नसेल त्या दिवशीही
मी खिडकी उघडत नसे, लेथ गंजेल म्हणून.
तिसऱ्या वर्षाची मुलं वर्षातून दोनदा येत,
पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभी राहत.
मी बटण दाबे. ती वहीत उतरवून घेत
दिसलं ते नव्हे, दिसायला हवं होतं ते.

मग मार्चमध्ये ठराव आला:
पहिल्याच सत्रापासून काम. खरं. कुणाच्या तरी गरजेचं.
ओयार्सून सर बैठकीत एवढंच म्हणाले,
"पाया न खणता छप्पर,"
आणि हात खालीच ठेवला.
मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं
तर माझाही खालीच राहिला असता.
ड्रिलची बिटं कोण मोजणार, एवढाच माझा प्रश्न.

एप्रिलात पाच जण बसने किनाऱ्यावर गेले.
तिथे एदेल्मिराबाई समुद्रातलं शेवाळ कापते,
ओल्या जुड्या पाठीवर घेऊन कडा चढते.
पोरांनी विचारलं, तुम्हाला काय हवं?
ती म्हणाली, नवे गुडघे.
तेव्हा त्यांनी रहाट करायला घेतला.

पहिला आस पिळवटला,
धुणं पिळावं तसा.
मी नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं: हलगर्जीपणा.
बावीस वर्षं तोच शब्द, बोटांना पाठ.

आयेलेनने तो गज वर्तमानपत्रात गुंडाळला
आणि रात्री साडेआठला ओयार्सूनांचं दार वाजवलं.
सर, हे कुठल्या प्रकरणात आहे?
ते म्हणे बराच वेळ गज हातात फिरवत राहिले.
तीस वर्षं फळ्यावर पीळ काढला त्यांनी,
खडूचा, एका वाकड्या बाणाचा.
त्याला वजन नव्हतं.

सकाळी टाय शर्टाच्या आत खोचून माझ्या दारात:
"निबाल्दो, एखादा ॲप्रन आहे का जास्तीचा?"

सूत्र पोरांनीच मागून घेतलं, तेलकट हातांनी.
व्यास दुप्पट, तर बळ आठपट
हे कळल्यावर येर्कोने खुशीत एक शिवी हासडली.
सरांनी ती ऐकली, आणि पुढचं पद मांडलं.

जूनमध्ये रहाट कड्यावर बसला. चाललाही.
एदेल्मिराबाईने दांडा धरला,
दोनदा फिरवला, सोडून दिला.
"हा तुमच्या उंचीचा आहे."
एवढ्या मोजमापांत
तिला कुणी मोजलंच नव्हतं.
ट्रकमध्ये रहाट मागे, पोरं पुढे, कुणी बोलेना.
तीन आठवड्यांत मिठाने बेअरिंगही खाल्लं.

याला गुण किती द्यायचे
यावर समिती दोन दुपारी भांडली, अजून भांडते आहे.

खिडकी मी आता उघडी ठेवतो. लेथ थोडा गंजला.
सहा मिलिमीटरची चौदा बिटं मोडली या सत्रात,
त्यातली दोन ओयार्सूनांनी, तीही एकाच दिवशी.
वही उघडून बसलोय. पेन टेकवलंय.
हलगर्जीपणातला 'ह' तेवढा उमटला आहे
आणि फोन वाजतो.
वारा, लाटा, मध्येच आयेलेनचा आवाज:
"निबाल्दो, पटकन लिहून घ्या,
पूर्ण उंची एकशे सत्तेचाळीस,
कोपरापर्यंत ब्याण्णव,
आणि त्या म्हणतात, डावा हात वर जात नाही."

हाताशी दुसरा कागद नाही.
रकाना बोटभर रुंद.
मी बारीक अक्षरात लिहितो.