चाळीस नंबर

पुण्यात क्लास म्हणजे शिकवणी,
आणि शिकवणी म्हणजे जिन्यात चपलांचा ढीग.
दिगंबर वाकोडे म्हणाला, काकू, हा क्लास तसला नाही.
हा नुसता साचा. ह्याच्यात कुणी बसत नाही.
बसायच्या त्या खुर्च्या, साच्यातून काढलेल्या.

गांजवे चौकाच्या मागे, दुसरा मजला,
चौसष्ट खुर्च्या, अकरा पंखे, एक मी.
राज्यसेवेचे प्रयत्न संपवून तो आता
माझ्याच अभ्यासिकेचा प्रोग्राम लिहीत होता, सरावाला,
वायर काढली की मरणाऱ्या लॅपटॉपवर.

ज्याचं त्याच्याजवळ ठेवायचं, तो सांगायचा.
अकरा नंबर डुगडुगते.
तेविसाला वारं लागत नाही.
सत्तावन्नवर कुणीतरी कर्कटकानं 'पीएसआय' कोरलंय.
हे सगळं माझ्या रजिस्टरातल्या शेऱ्याच्या रकान्यातून
त्यानं एका रात्रीत भरलं, अर्धवट झोपेत, ओळीमागून ओळ.
पण काही गोष्टी सगळ्यांत मिळून एकच:
एकूण किती जण, महिन्याची फी.
त्या साच्यावर लिहायच्या. एकदाच.

आधी चुकला.
बेरीज खुर्चीजवळच ठेवली,
आणि चौसष्ट खुर्च्यांना विचारलं, एकूण किती?
प्रत्येक खुर्ची म्हणाली, एक.
तो कपाळाला हात लावून हसला. मी नाही हसले.
रात्री अकराला दिवे मालवायला जाते तेव्हा
मला ह्या हॉलमध्ये हेच ऐकू येतं.

मग बेरीज साच्यावर नेली.
आता कुठल्याही खुर्चीला विचारा, चौसष्ट.
आणि खुर्चीच नसेल तर? मी म्हटलं.
त्यासाठीच क्लासची मेथड, काकू.
एकही खुर्ची मांडलेली नसू दे,
थेट साच्याला हाक मारायची.
तो शून्य सांगेल, पण सांगेल.
दिवाळीत सगळे गावी जातात, मी इथेच असते.
मला ते ऐकून बरं वाटलं, का कोण जाणे.

एप्रिलपासून फी नऊशेची अकराशे केली.
मला चौसष्ट जणांची कुरकुर ऐकावी लागली,
त्यानं एक ओळ चालवली, साच्यावर,
आणि सगळ्या खुर्च्यांना एकदम कळलं.
बघा, म्हणाला, आणि यादी काढली.
अकराशे, अकराशे, अकराशे,
खाली, खाली, चाळिसाला
सहाशे.

हिच्याजवळ हिची स्वतःची फी लिहिलीय, तो पुटपुटला.
जवळचं असलं की वरचं झाकलं जातं.
पण मी कुठं लिहिली?
रजिस्टर उघडलं.
शेरा, चाळीस, पेन्सिलीनं, बारीक.

चाळीसवर तोच बसतो. चौथं वर्ष.
सगळ्यांना सहाशेच, असं मीच सांगितलं होतं,
तो औंढा नागनाथहून ट्रंक घेऊन आला त्या दिवशी.

मी कूलरचा नळ घट्ट करायला उठले.
तो घट्टच होता.

दिगंबरनं एक ओळ लिहिली:
चाळीसची स्वतःची फी पुसून टाक.
मला वाटलं, तिथे आता काहीच उरायचं नाही.
पण यादीत अकराशे आले.
खालचं गेलं की वरचं दिसायला लागतं,
तो म्हणाला, मान वर न करता.

पाच तारखेला टेबलावर पाचशेच्या दोन, शंभराची एक.
इतक्या वर्षांत त्यानं पावती मागितली नव्हती.
मागितली.
मी लिहून दिली. 'अकराशे'तला 'क' जरा हलला.

कॉम्प्युटरमधलं त्यानं पुसलं.
रजिस्टर माझ्याकडे असतं.
पेन्सिलीचंच आहे, केव्हाही खोडता येईल.
खोडरबर ड्रॉवरमध्ये कुठेतरी आहे,
मी शोधलेला नाही.