वजा नऊ

साखरीनाट्याच्या बर्फ कारखान्यात
मिठाचं पाणी वजा नऊला आलं
की कॉम्प्रेसर थांबायचा.
माझ्या लॅपटॉपवर थांबायचा.

खाडीकडच्या भिंतीवर हातभर पेटी,
आत तोच सी, मीच लिहिलेला,
पण तिथला कॅरॅक्टर उणे ओळखत नाही.
वजा नऊ त्याच्या हिशेबी दोनशे सत्तेचाळीस.
रात्रभर तो गार करत राहिला
एका उकळत्या समुद्राला.

सकाळी सोलकरचाचांनी दाखवलं:
लाद्या डब्यांना धरून बसलेल्या,
नळ्यांना पांढरी दाढी,
जेटीवर ट्रॉलरवाले घड्याळ बघत.
"घंटा नाही वाजली?"
"वाजली आसंल."
बोट वर. घंटेला जुन्या लुंगीचं फडकं,
सुतळीनं आवळलेलं.
"दार उघडला की वाजते, बत्ती लपकली की वाजते,
कावळा बसला तरी वाजते. किती वेळा उठनार मानूस?"

मी काही बोलले नाही.
माझ्या मेकफाईलमध्येही होतं फडकं,
धाकटा डब्ल्यू, एवढंसं अक्षर;
बोर्डवाल्यांची फाईल चारशे ओळी कुरकुरली
त्या रात्री मीच आवळलेलं.
सोडलं.
चारशे तीन ओळी आल्या.
तीन माझ्या.
त्यांतली एक: ही तुलना कायम खोटीच ठरेल.
पाच आठवडे ती हे सांगत होती
तोंड बांधलेलं असताना.

मग चहा मागवून निवडायला बसले.
डब्ल्यू-ऑल, नावात सगळे, आत सगळे नसतात.
तो ठेवला. एक्स्ट्रा ठेवला, त्याच्यातच ही ओळ होती.
पेडँटिकही, कारण हा सी उद्या
कुणाच्या कंपायलरच्या उंबऱ्यावर उभा राहील, काय सांगावं.
बोर्डवाल्यांची फाईल परकी म्हणून नोंदवली,
तिची कुरकुर तिच्या घरी.
"इशारा म्हणजे चूकच" हा नियम माझ्या टेबलापुरता.
वेंगुर्ल्याच्या रेडकरांकडे नवा कंपायलर आहे,
तो नवं काहीतरी हुडकणार,
त्यांचा बर्फ माझ्या शिस्तीपायी अडायला नको.
आणि प्रत्येक बदल दोन्हीकडे बांधायचा,
लॅपटॉपला आणि पेटीला,
पेटीला आधी.

कॅरॅक्टरच्या पुढे साइन्ड लिहिलं.
चाचांनी दाराची तार कापली, बत्तीची ठेवली.
"आणि कावळा?"
"त्याला मी बघतंय."

फडकं मात्र त्यांनी टाकलं नाही,
घडी घालून खिशात ठेवलं.
मीही ती ओळ पुसली नाही.
दोन तिरक्या रेघा मारून
कोपऱ्यात निजवून ठेवली आहे.